धंद्याचा फोन इंटरनेटवर न्यायचाय? मग आधी हे वाचा

इंटरनेट फोनबद्दल कुठेही वाचायला गेलं की पहिला मुद्दा असतो पैसे वाचतात. आपल्याकडे तो मुद्दा फारसा लागू पडत नाही, मोबाईलवर देशभर अनलिमिटेड कॉल मिळतात, मग नुसतं कॉलचं बिल वाचवायला कोण कशाला नवीन सिस्टीम बसवेल. आपली अडचण वेगळी आहे. धंद्याचे सगळे फोन कोणाच्या तरी खाजगी मोबाईलवर येतात, आणि तो मोबाईल धंद्याचा नसतो.

समजा भोसरीत तुमचं बेअरिंग आणि ऑइल सीलचं दुकान आहे, गोडाऊन चाकणला आहे, दोन मुलं फिरतीवर असतात. कस्टमरकडे नंबर कोणाचा सेव्ह असतो? ज्या मुलाने पहिल्यांदा कोटेशन पाठवलं त्याचा. तो गावाला गेला की त्याचे कस्टमर वाऱ्यावर, आणि नोकरी सोडून दुसऱ्या दुकानात लागला की कस्टमरपण हळूहळू तिकडेच. दिवसात किती फोन आले, किती उचलले, कोणाचा राहून गेला, मालकाला काही म्हणजे काही कळत नाही. माझ्या मते इंटरनेट फोन घ्यायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, की नंबर धंद्याच्या नावावर राहतो, एकाच वेळी चार ठिकाणी वाजतो आणि प्रत्येक कॉलची नोंद राहते. बाकीचे फायदे खरे आहेत पण ते यानंतर. जुनी लँडलाईन हे करू शकत नाही कारण तिची तार एका टेबलापर्यंत येऊन संपते. इंटरनेट फोनमध्ये नंबर सर्व्हरवर असतो आणि त्याला सांगायचं असतं की कोणत्या वेळी कुठे वाजायचं.

थोडं कायद्याचं, कारण जुन्या लोकांच्या मनात अजून शंका असते. बरीच वर्षं इंटरनेटवरून इथल्या साध्या फोन नंबरला कॉल लावायची मोकळीक आपल्याकडे नव्हती. ट्रायने, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ऑक्टोबर २०१७ मध्ये शिफारस केली, जून २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने लायसन्स असलेल्या कंपन्यांना मोकळं केलं आणि जुलैमध्ये बीएसएनएलने विंग्ज नावाची सर्व्हिस आणली. तेव्हा लायसन्सवाल्या कंपनीकडून घेतलेला इंटरनेट फोन पूर्ण कायदेशीर आहे, त्याची भीती नको. भीती बाळगायची ती शॉर्टकटची. कोणी म्हणालं की केवायसी नको, परदेशी ॲपवरून इंडियाचा नंबर देतो, किंवा तुमच्या ऑफिसात एक डबा ठेवतो त्यात सिम टाकायचे आणि बाहेरदेशाचे कॉल लोकल होऊन जातील, महिन्याला भाडं देतो, तर त्याला दारातूनच परत पाठवा. तो सिम बॉक्स असतो, बेकायदेशीर आहे, आणि पोलीस आले की ते जागेच्या मालकालाच आधी विचारणार.

आता काय घ्यायचं ते बघू. बाजारात शंभर नावं आहेत पण आतून तीनच प्रकार आहेत.

पहिला, फायबर कनेक्शनसोबत येणारा फोन. बीएसएनएल, जिओ, एअरटेल सगळे देतात, भिंतीवरच्या डब्याच्या मागे टेलिफोनचं पोर्ट असतं त्यात साधा फोन लावायचा. हापण इंटरनेटवरच चालतो पण आहे एकच लाईन, एका जागी. डॉक्टरांचा छोटा दवाखाना, सीएचं दोन खोल्यांचं ऑफिस, यांना एवढं पुष्कळ झालं, पुढचं वाचायचीपण गरज नाही.

दुसरा, क्लाउडवाला. एक्सोटेल, मायऑपरेटर, नॉलॅरिटी, टाटा टेलीचं स्मार्टफ्लो वगैरे. यात कस्टमर तुमच्या एका नंबरवर फोन करतो, कॉल त्यांच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून तुमच्या मुलांच्या मोबाईलवर साध्या कॉलसारखा येतो. मुलांनी कस्टमरला परत फोन करायचा तर ॲपमधून करायचा, आधी स्वतःचा मोबाईल वाजतो मग कस्टमरचा, आणि कस्टमरला दुकानाचाच नंबर दिसतो. मोठी सोय म्हणजे तुमच्या दुकानातलं नेट बंद पडलं तरी फोन चालू राहतात, कारण शेवटचा टप्पा मोबाईल नेटवर्कवरून येतो. फिरतीची माणसं जास्त असतील तर हाच घ्या.

तिसरा, टेबलावर खरे फोन किंवा कॉम्प्युटरला हेडसेट, मागे आयपी पीबीएक्स (ऑफिसातले कॉल इकडून तिकडे वळवणारी सिस्टीम) आणि ऑपरेटरकडून घेतलेली सिप ट्रंक (इंटरनेटवरून येणारी, एकाच वेळी अनेक कॉल चालवणारी लाईन). पीबीएक्स ऑफिसात ठेवा नाहीतर क्लाउडवर. मार्क स्पेन्सरने १९९९ मध्ये लिहायला घेतलेलं ॲस्टेरिस्क हे फुकट सॉफ्टवेअर आजही असंख्य ऑफिसांच्या फोनमागे चालतंय, पण ते सांभाळणारा माणूस हाताशी पाहिजे, नसेल तर तयार सिस्टीमच घ्या. एका जागी बसून दिवसभर फोन घेणारी आठ-दहा माणसं असतील, हॉस्पिटल असेल, हॉटेल असेल, इंटरकॉम लागत असेल, तर हा प्रकार.

आमच्या उदाहरणातल्या बेअरिंगच्या दुकानाला दुसरा प्रकार बरोबर बसतो. हे मुद्दाम सांगतोय कारण सेल्सवाला येतो तो तिसराच विकायला बघतो, त्यात डब्यांचं आणि फोनचं बिल मोठं होतं.

घ्यायच्या आधीचा एक आठवडा

काही विकत घ्यायच्या आधी एक आठवडा नुसती वही ठेवा. किती वाजता फोन आला, कशाबद्दल होता, कोणी घेतला, आणि तो बोलत असताना दुसरा फोन आला का. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण तुम्हाला एकाच वेळी किती कॉल चालायला पाहिजेत ते त्यावर ठरतं, माणसं किती आहेत त्यावर नाही. दहा माणसांच्या ऑफिसात एका वेळी तीन-चारच कॉल चालू असतात असं खूपदा निघतं, आणि विकणारा मात्र दहा चॅनल, म्हणजे एकाच वेळी दहा कॉलची सोय, लिहून मोकळा होतो. वहीतून आणखी एक कळतं की फोन नक्की कशासाठी येतात, त्यावरून पुढे "एक दाबा, दोन दाबा"वाला मेनू बनवता येतो.

नेट, आणि आवाज का तुटतो

तिसरा प्रकार घेणार असाल तर इकडे नीट लक्ष द्या. लोक विचारतात शंभर एमबीपीएस पुरेल का. अहो, स्पीड फारसा लागतच नाही. चांगल्या आवाजासाठी जो जी.७११ कोडेक (आवाज डिजिटल करायची पद्धत) वापरतात तो आवाजाला ६४ केबीपीएस घेतो, आवाजाचे तुकडे करून ज्या पॅकेटमधून पाठवतात त्यांचं ओझं धरून ८७ च्या आसपास जातं, म्हणजे शंभर धरा. दहा कॉल एकाच वेळी चालले तरी जायला एक एमबीपीएस आणि यायला एक एमबीपीएस, बास.

आवाज तुटतो तो दुसऱ्या कारणांनी. पॅकेट उशिरा येतात, मागेपुढे येतात किंवा वाटेत हरवतात. एका बाजूने आवाज पोचायला १५० मिलिसेकंदांच्या आत वेळ लागावा असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते, त्याच्यावर गेलं की दोघं एकमेकांच्या बोलण्यात बोलायला लागतात. पॅकेट हरवण्याचं प्रमाण एक टक्क्याच्या आत आणि जिटर, म्हणजे पॅकेट पोचायच्या वेळेतला चढउतार, तीस मिलिसेकंदांच्या आत ठेवायचा, हा व्यवहारातला अंदाज. स्पीड टेस्टचा फोटो बघून यातलं काही कळत नाही. प्रोव्हायडरकडून त्याच्या सर्व्हरचा पत्ता घ्या आणि त्याला दुपारी बारा वाजता, ऑफिस भरलेलं असताना, अर्धा तास पिंग चालू ठेवा, म्हणजे कॉम्प्युटरवरून त्याला सतत छोटी हाक मारायची आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते बघायचं. आकडे वीस बावीस पंचवीस असे शांत राहिले तर उत्तम, मधेच चारशे आणि रिक्वेस्ट टाइम्ड आउट दिसलं तर फोन घ्यायच्या आधी नेट सुधारा.

आणि यात गुन्हेगार जवळजवळ नेहमी अपलोड असतो. कोणीतरी टॅलीचा बॅकअप ड्राइव्हवर चढवतंय, सीसीटीव्ही क्लाउडवर जातोय, डिझाईनवाला मोठी फाईल पाठवतोय, त्या पाच मिनिटांत अपलोड भरून जातं आणि समोरच्याला तुमचा आवाज कापत कापत ऐकू येतो, तुम्हाला मात्र त्याचा एकदम स्वच्छ, त्यामुळे तुम्ही म्हणता त्याच्याच फोनमध्ये प्रॉब्लेम आहे. उपाय म्हणजे राउटरमध्ये क्यूओएस लावून आवाजाच्या पॅकेटला पहिला नंबर द्यायचा, बॅकअप रात्री टाकायचा, जमलं तर फोनसाठी वेगळं छोटं कनेक्शनच घ्यायचं. राउटरमध्ये सिप एएलजी नावाचं एक सेटिंग असतं ते बंद करा. ते मदत करायला म्हणून दिलेलं असतं पण एकाच बाजूचा आवाज येणं, तीस सेकंदांनी कॉल कट होणं, असल्या भानगडी बऱ्याचदा त्याच्यामुळे होतात. टेबलावरचे फोन वायफायवर नको, केबल ओढून घ्या.

दुसरं कनेक्शन घ्याल ते दुसऱ्या कंपनीचं आणि दुसऱ्या वाटेने आलेलं असू द्या. दोन्ही केबल एकाच खांबावरून आल्या असतील तर रस्ता खोदताना दोन्ही एकदम जातात.

लाईट

हा भाग छोटा आहे पण याच्यावरून सगळ्यात जास्त डोकेदुखी होते. जुना तांब्याच्या तारेचा फोन लाईट गेली तरी चालायचा, कारण एक्स्चेंजमधून त्याच तारेवरून ४८ व्होल्ट यायचे. फायबर म्हणजे काच, तिच्यातून वीज येत नाही. त्यामुळे भिंतीवरचा फायबरचा डबा, राउटर, स्विच आणि फोन, या सगळ्या साखळीला बॅकअप लागतो, एक जरी सुटला तरी सगळं बंद. खूप ठिकाणी राउटर इन्व्हर्टरवर असतो आणि फायबरचा डबा साध्या प्लगवर राहून जातो. पीओई स्विच घेतला तर फोनला वीज नेटच्या केबलमधूनच मिळते, मग प्रत्येक फोनला वेगळा बॅकअप लागत नाही, डबा आणि राउटरसोबत स्विचला यूपीएस दिला की सगळे फोन जिवंत राहतात. पुणे-पिंपरीकडे गुरुवारी देखभालीसाठी लाईट जाते हे धरूनच बॅटरी किती तासांची ते ठरवा.

नंबर कोणाच्या नावावर

एवढ्या लेखातला एकच भाग वाचणार असाल तर हा वाचा. आपल्याकडे मोबाईल नंबर पोर्ट होतो, लँडलाईनचा नंबर एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट होत नाही. म्हणजे वीस वर्षांपासून बोर्डावर असलेला ०२० चा नंबर उचलून नव्या प्रोव्हायडरकडे न्यायची सोय नाही. त्याच कंपनीत तांब्यावरून फायबरवर जाताना नंबर बऱ्याचदा तोच ठेवून मिळतो, पण अर्ज करतानाच लिहून घ्या. कंपनी बदलायची असेल तर जुनी लाईन स्वस्तातल्या प्लॅनवर चालू ठेवा आणि तिच्यावरचे सगळे कॉल नव्या नंबरवर फॉरवर्ड करा, निदान वर्षभर.

नवा नंबर घेतानापण हाच प्रश्न विचारा: उद्या मी तुमची सर्व्हिस सोडली तर नंबर माझा राहणार का? काही ठिकाणी नंबर ऑपरेटरकडे थेट तुमच्या धंद्याच्या नावावर, तुमच्या केवायसीवर असतो. काही ठिकाणी तो प्रोव्हायडरच्या नावावर असतो आणि तुम्हाला वापरायला दिलेला असतो, सोडलं की गेला. मुलाच्या मोबाईलवरून कस्टमर सोडवून आणायचे आणि ते प्रोव्हायडरच्या हातात द्यायचे यात काय मिळवलं, म्हणून तोंडी उत्तरावर जाऊ नका, ईमेलवर घ्या. केवायसीला पॅन, जीएसटी सर्टिफिकेट, पत्त्याचा पुरावा आणि सही करणाऱ्याचं अधिकारपत्र असं साधारण लागतं.

१८०० घ्यायचा का? त्यात फोन करणाऱ्याला पैसे पडत नाहीत, ते तुम्ही भरता. पण आता सगळ्यांकडे अनलिमिटेड आहे तर लोकल दुकानाला १८०० ची गरज मला वाटत नाही, शहराचा कोड असलेला नंबर दिसला की लोकांना हे इथलंच दुकान आहे असा विश्वास वाटतो. राज्यभर सर्व्हिस देणारी कंपनी असेल तर घ्या.

वाजायचं कसं ते ठरवा

खरी मजा इथे आहे आणि लोक इथेच घाई करतात. सुरुवातीचा मेसेज मराठीत, तुमच्याच दुकानातल्या माणसाच्या आवाजात, दहा सेकंदांच्या आत. "नमस्कार, माल मागवायला एक दाबा, आलेल्या मालाच्या तक्रारीसाठी दोन दाबा, नाहीतर लाईनवर थांबा." तीनपेक्षा जास्त पर्याय नकोत. काही न दाबणाऱ्यालासुद्धा माणूस मिळालाच पाहिजे, कारण गावाकडून मोटारसायकलवरून फोन करणारा गॅरेजवाला बटण दाबत बसत नाही.

मग क्रम. काउंटर आणि मालक दोघांचे फोन एकदम वाजू द्या, वीस सेकंदांत कोणी घेतला नाही तर गोडाऊन, तिथेपण नाही तर फिरतीच्या मुलांचे मोबाईल, आणि तरीही राहिला तर कस्टमरला आपोआप मेसेज की तुमचा फोन आला होता, आम्ही करतो. राहिलेल्या कॉलची यादी रोज संध्याकाळी एका ठराविक माणसाकडे गेली पाहिजे आणि ती संपवूनच त्याने घरी जायचं. ही शिस्त नसेल तर सिस्टीम कितीही भारी घ्या, काही बदलणार नाही. साप्ताहिक सुट्टी, दिवाळी, रात्रीची वेळ, यांचे वेगळे मेसेज आधीच टाकून ठेवा. जुना कस्टमर त्याच्या नेहमीच्याच मुलाकडे जावा अशी सोय बऱ्याच सिस्टीममध्ये असते, ती नक्की चालू करा, लोकांना ओळखीचा आवाज लागतो.

व्हॉट्सॲपपण याच नंबरवर आणा. व्हॉट्सॲप बिझनेस लँडलाईन नंबरवरसुद्धा चालू होतं, मेसेजऐवजी कॉल करून कोड घ्यायचा पर्याय निवडायचा. फक्त तेवढा वेळ तुमचा मेनू बंद ठेवा आणि कॉल थेट एका फोनवर घ्या, नाहीतर कोड सांगणारा आवाज तुमच्या "एक दाबा, दोन दाबा"शीच बोलून जाईल.

रेकॉर्डिंगचा उपयोग मोठा आहे. शंभर नग सांगितले होते की दीडशे, हा वाद एका मिनिटात मिटतो, नवीन मुलाला शिकवायलापण जुने कॉल ऐकवता येतात. पण कॉल रेकॉर्ड होतोय हे सुरुवातीला सांगा, ऐकायचा अधिकार दोघा-तिघांनाच द्या, आणि किती दिवस ठेवायचं ते ठरवून जुनं उडवत जा. डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा २०२३ मध्ये आलाय, आणि कायदा नसता तरी कस्टमरने विश्वासाने बोललेलं असं वाऱ्यावर सोडायचं नसतं.

दोन गोष्टींपासून सांभाळा

एक, चोरी. इंटरनेटवर रात्रंदिवस सिपचं ५०६० नंबरचं पोर्ट, म्हणजे इंटरनेट फोनचं दार, कुठे उघडं आहे ते शोधत फिरणारे प्रोग्राम आहेत. एक्स्टेन्शन (ऑफिसातल्या फोनचा आतला नंबर) १०१ आणि पासवर्डपण १०१ असेल तर कोणीतरी शनिवारी रात्री घुसून परदेशातल्या महागड्या नंबरांना कॉल लावत बसतो आणि बिल तुमच्या नावावर. तेव्हा लागत नसेल तर आयएसडी ऑपरेटरकडूनच बंद करून घ्या, पासवर्ड लांब ठेवा, पीबीएक्स सरळ इंटरनेटवर उघडा ठेवू नका, रोजच्या खर्चाला मर्यादा लावा.

दोन, जाहिरातीचे कॉल. नवीन सिस्टीम आली की कोणाच्यातरी डोक्यात येतं की चला आता पाच हजार नंबरांना एकदम कॉल सोडू. तसं करू नका. जाहिरातीच्या कॉलसाठी १४० ची वेगळी सिरीज आहे, नोंदणी करावी लागते, डीएनडी, म्हणजे असे कॉल नको म्हणणाऱ्यांची यादी, बघावी लागते. नोंदणी न करता असे कॉल करणाऱ्यांच्या सगळ्या लाईन तोडून दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकायचे आदेश ट्रायने ऑगस्ट २०२४ मध्ये कंपन्यांना दिलेत, आणि त्यात सिपच्या लाईनचा स्पष्ट उल्लेख आहे. एवढ्या कष्टाने उभा केलेला नंबर त्यात घालवायचा नाही.

पैशाचं

क्लाउडवाल्याकडे महिन्याचं भाडं वेगळं, माणसामागे वेगळं आणि मिनिटं वेगळी असं असतं. मिनिटांचं नीट विचारा, कारण एका कॉलमध्ये दोन पाय असतात, कस्टमर ते सर्व्हर आणि सर्व्हर ते तुमचा मोबाईल, दोन्हीचे पैसे लागतात का एकाचे? पल्स, म्हणजे बिल मोजायचा टप्पा, तीस सेकंदांचा का साठचा? न वापरलेली मिनिटं पुढे जातात का? वर अठरा टक्के जीएसटी, तो कंपोझिशनमध्ये नसाल तर क्रेडिटमध्ये मिळतो. पहिल्यांदाच वर्षाचे पैसे भरून सूट घ्यायच्या मोहात पडू नका, महिना महिना करून बघा.

जुना ईपीएबीएक्स (ऑफिसातला इंटरकॉमचा डबा) चांगला चालत असेल तर फेकायची गरज नाही, मधे गेटवे लावून इंटरनेटची लाईन त्यालाच देता येते आणि वॉचमनचा, स्टोअरचा इंटरकॉम तसाच राहतो. मात्र जुनी लाईन तोडायच्या आधी तिच्यावर आणखी काय चालतंय ते तपासा, लिफ्टमधला इमर्जन्सी फोन, चोरांचा अलार्म, फॅक्स. आणि ११२ साठी सगळ्यांना सांगून ठेवा की मोबाईलवरूनच लावा, कारण चाकणला बसलेल्या माणसाचा इंटरनेट फोन भोसरीच्या पत्त्यावर नोंदलेला असतो आणि मदत भलतीकडे जायची.

सगळं बसलं की बोर्ड बदलायच्या आधी एक महिना दोन्ही चालू ठेवा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मोबाईलवरून फोन लावून बघा, होल्ड करा, ट्रान्सफर करा, बटणं बरोबर घेतायत का बघा, बोलत असताना नेटची वायर काढा आणि पुढचा कॉल कुठे जातो ते बघा, मेन स्विच पाडून बघा. बाहेर मोबाईलला फोन करताना आधी शून्य लागतो का तेपण बघा, फिक्स्ड लाईनवरून मोबाईलला शून्य लावायचा नियम १५ जानेवारी २०२१ पासून आहे, प्रोव्हायडरला सांगितलं तर तो शून्य आपोआप लागेल असं करून देतो. मग गूगल मॅपवरचा नंबर बदला, बिलबुक, व्हिजिटिंग कार्ड, टेम्पोच्या मागचा नंबर, आणि मुलांना सांगा की आजपासून कस्टमरला स्वतःचा नंबर द्यायचा नाही.

महिना झाला की रिपोर्ट काढा आणि फक्त राहिलेले कॉल तासाप्रमाणे लावून बघा. दुपारी दीड ते अडीच जेवणाच्या वेळेत ढीग दिसला तर जेवणाच्या पाळ्या लावा, सकाळी दुकान उघडायच्या आधी दिसला तर तेवढा तास मालकाच्या मोबाईलवर घ्या.